अडखळणारी बोटं

शर्टाच्या तिसऱ्या बटणाशी म्हातारा अडखळायला हवा होता. तो अडखळला नाही. पडद्यावरची त्याची बोटं तेल दिल्यासारखी फिरली आणि सगळी बटणं बिनबोभाट लावून मोकळी झाली. मास्तरणीने दृश्य पुन्हा लावून पाहिलं.

अ‍ॅनिमेशनच्या त्या कंपनीत सगळे तिला मास्तरीण म्हणत, कारण तिचं काम म्हणजे समजावून सांगणं. अ‍ॅनिमेटर की-फ्रेम ठेवतात: हात आधी इथे, मग तिथे. मधल्या वाटेत तो कुठे रेंगाळेल, कुठे वेग घेईल, हे ठरवणं म्हणजे ईझिंग. त्यासाठी कंपनीने स्वतःचं टूल बनवलं होतं आणि ते कसं वापरायचं हे मास्तरीण लिहायची. आधी माणसांसाठी, आता एआय एजंटांसाठी, म्हणजे सांगितलेलं काम आपणहून करणाऱ्या प्रोग्रामांसाठी. माणसाला ‘बेताने वापरा’ एवढं लिहिलं की पुरतं. एजंटाला बेत म्हणजे किती, हेही सांगावं लागतं. तो विचारायला येत नाही. वाचतो आणि करून टाकतो.

काल तिने सूचनांची नवी पानं सर्व्हरवर चढवली होती. आज सकाळी एका एजंटाला गर्दीचं दृश्य गुळगुळीत करायला सांगितलं गेलं. त्याने तिच्या पानातला कामापुरता तुकडा उचलला. तुकड्यात आज्ञेचा नमुना होता आणि नमुन्यात तिने हाताशी होती तीच फाइल लिहिली होती, म्हाताऱ्याची. ‘आधी प्रत घ्या, नमुन्यातल्या फाइलच्या जागी आपली घाला’ ही सूचना पानाच्या डोक्यावर होती. माणूस पान वरून वाचत येतो. एजंटापर्यंत डोकं पोचलंच नव्हतं. त्याने गर्दीबरोबर नमुनाही जसाच्या तसा चालवला, आणि म्हाताऱ्याची फाइलही गुळगुळीत झाली.

सर्व्हरवर जुनी प्रत होती, पण शेवटच्या दुरुस्त्यांच्या आधीची. म्हणजे बोटं नीट अडखळायला लागण्याच्या आधीची.

आणि ते दृश्य तिच्या नणंदेचं होतं.

ही नोकरी नणंदेनेच लावून दिली होती. दोघी एकाच घरात राहत, एकाच ओट्याशी धक्के देत-खात डबे भरत. म्हाताऱ्याची बोटं नणंदेने वडिलांकडे बघून बसवली होती. सकाळच्या घाईत मास्तरीण सासऱ्यांच्या शर्टाची बटणं लावायला पुढे झाली की ती म्हणे, “थांब गं वहिनी, त्यांना लावू दे. मला बघायचंय.” मास्तरणीला ते तेव्हा निर्दयपणाचं वाटे. आज नणंद त्यांनाच तपासणीला घेऊन गेली होती आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत येणार होती.

मागून दिग्दर्शक आला, हातात चहाचा कप.

“काय मास्तरीणबाई, आज शाळा लवकर भरली?” तो पडद्याकडे बघून थबकला. “अरे वा. ऐकलं म्हणायचं तिने शेवटी. किती दिवस सांगतोय, हात जरा मोकळा कर. छान झालंय. संध्याकाळी क्लायंटला पाठवून देऊ.”

तो गेला. आतापर्यंत मास्तरणीला पकडलं जाण्याची भीती होती. आता कुणी पकडणारच नाही, ही भीती तिच्याहून मोठी होऊन बसली. गप्प राहिलं की सुटलं. नणंदेला वाटेल दिग्दर्शकाने बदलून घेतलं, दिग्दर्शकाला वाटेल नणंदेने बदललं. दोघं एकमेकांशी धड बोलतात कुठे?

नणंद आली ती थेट वरच्या मजल्यावर जाऊन आपल्या खुर्चीत बसली; मास्तरीण तिथेच तिची वाट बघत होती. तिने दृश्य लावलं. संपल्यावर चष्मा काढून डोळे चोळले आणि परत लावलं.

“कुणी केलं हे?”

मास्तरीण पुढे आली. “ताई, मी.”

“तुला अ‍ॅनिमेशन कधीपासून यायला लागलं?”

“मी लिहिलेलं वाचून एजंटाने केलं. आधी प्रत घ्यायची सूचना त्याला मिळालीच नाही. मी चुकीच्या जागी लिहिली होती.”

नणंद ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दृश्य तिसऱ्यांदा लावलं, आणि मास्तरणीला घरचा ओटा, रोजची सकाळ, पुढची सगळी वर्षं डोळ्यांपुढे दिसली.

“त्यांना आवडलंय,” मास्तरीण म्हणाली. “संध्याकाळी पाठवणार आहेत.”

“आवडणारच. त्याच्या घरी कुणी म्हातारं नाही.” नणंद उठली, पण पुन्हा खाली बसली. “मी गेले तर म्हणेल, हिचा हट्ट. नेहमीचंच.”

म्हणून मास्तरीण एकटीच गेली. ते दृश्य चुकून बदललंय, चूक माझी आहे, असं तिने दिग्दर्शकाच्या दारात उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

“चुकून का होईना, बरं झालंय की,” तो म्हणाला.

“बरं नाही झालं. त्याला आता बटणं लावता येतात. मग पुढच्या दृश्यात सून लावून देते ती कशाला?”

दिग्दर्शकाने हातातला कप खाली ठेवला. “उद्या दुपारपर्यंत वेळ मागतो मी क्लायंटकडे. आणि तुमच्या त्या पानांचं काय ते आजच बघा. पुन्हा असं झालं तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही.”

नणंद जुन्या प्रतीवरून बोटं पुन्हा बसवायला लागली. मास्तरणीने खाली येऊन नमुन्यातली खरी फाइल काढून खोटी घातली, प्रत घेण्याची सूचना प्रत्येक तुकड्यात पहिल्या ओळीत आणली. मग एकेक ओळ ती अशी वाचू लागली, जणू वाचणारा आपला शब्द न् शब्द खरा मानून चालणार आहे. तशी वाचली की कुठलीच ओळ धड वाटेना. पान चढवायच्या बटणावर तिचं बोट नुसतंच टेकून राहिलं.

टेबलावरचा फोन वाजला. नणंद होती, वरच्या मजल्यावरून.

“चढवलंस का पान?”

“नाही अजून. भीती वाटते, ताई.”

“मलाही वाटते,” नणंद म्हणाली. “म्हणून विचारलं. थांब जरा, मी आधी बोटांची प्रत घेते.”