पितळ लाल गंजत नाही

"सुनंदा, ह्याका परत ताप इलो गो," असं म्हणत गावडेकाकांनी अँप्लिफायर काउंटरवर ठेवला. महिन्याभरात तिसऱ्यांदा. मी हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं आणि आमच्या दामलेकाकांकडे बघितलं. दामलेकाका म्हणजे दुकानाचे मालक आणि माझे बॉस. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ग्राहकावर चिडायचं नसलं की ते चष्मा पुसत.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी आयटीआयमधून रेडिओ मेकॅनिक होऊन पार्ले ईस्टच्या या रिपेअर शॉपमध्ये लागले होते. मुलगी सेट उघडते म्हटल्यावर अर्धे लोक नुसते बघायला यायचे. गावडेकाका तसे नव्हते. गिरणी सोडून त्यांनी घाटकोपरला साउंड सर्व्हिस काढली होती. माईक, दोन कर्णे आणि हा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. वीस वर्षं त्यांनी घाटकोपरची लग्नं आणि पूजा ह्यावर वाजवल्या होत्या. सगळे ट्रान्झिस्टरवर गेले तरी हे गेले नाहीत.

"झालं काय?" मी विचारलं.

"तुझ्याकडे गातो. माझ्याकडे इलो की पाच मिनटांत लालेलाल."

लालेलाल म्हणजे काय ते सांगते. व्हॉल्व्ह ही काचेची बंद नळी. आत एक तार तापते, तिच्याभोवती बारीक जाळी आणि सगळ्यात बाहेर धातूची प्लेट. करंट आवरून धरणं हे जाळीचं काम. जाळीचा ताबा सुटला की करंट मोकाट सुटतो, प्लेट तापून लाल होते आणि कर्ण्यातून घुंईऽऽ असा आवाज येतो. आम्ही त्याला रेड प्लेटिंग म्हणतो. असंच चालू ठेवलं तर व्हॉल्व्ह मरतो आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो.

पहिल्या वेळी मी आउटपुटच्या दोन्ही व्हॉल्व्हना दोषी ठरवलं. पिनांवर लालसर गंज होता, सॉकेटमध्येही होता. तो स्पिरिटने पुसला, नवी जोडी लावली, चार तास गाणी वाजवली. झकास. काका घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत. दुसऱ्या वेळी पुन्हा तोच गंज. तो पुसला, कपॅसिटर बदलले, अजून एक जोडी लावली. झकास. परत गेला, परत आला. काढलेले व्हॉल्व्ह मी चपलांच्या खोक्यात ठेवले आणि झाकणावर 'मेलेले' असं लिहिलं.

आता हे तिसऱ्या खेपेचं दुखणं. दामलेकाका म्हणाले, "गावडे, मुलीच्या लग्नाला माझा ट्रान्झिस्टर सेट घेऊन जा. परत आणून दिलात की झालं."

गावडेकाकांनी सेट स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "रविवारी माझ्या चेडवाचा लगीन आसा. वीस वर्सां लोकांच्या चेडवांची लग्नां वाजवलंय. माझ्या दारात दुसऱ्याचो सेट येतलो, तर मी थंय कोण?"

मी दामलेकाकांना बाजूला घेतलं.

"काका, इथे चालतो, तिथे जळतो. म्हणजे रोग सेटमध्ये नाही, घाटकोपरमध्ये आहे. व्होल्टेज जास्त असेल. मी तिकडे जाऊन बघते."

"शनिवारी जा. आणि हे बघ, नव्या व्हॉल्व्हची ही शेवटची जोडी. लॅमिंग्टन रोडच्या रेडिओ बाजारातही आता मिळत नाही. ही जाळलीस तर गावड्यांना तूच तोंड दाखव."

शनिवारी मी मल्टीमीटर आणि दोन्ही खोकी, जिवंत आणि मेलेली, घेऊन घाटकोपरला पोचले. सेट काकांनी आधीच घरी नेला होता. घरात नवरीची हळद चाललेली. दारात मांडव, आत बायकाच बायका. वैशाली, म्हणजे नवरी, पिवळीधमक होऊन पाटावर बसलेली. मी मीटर काढून भिंतीच्या प्लगमध्ये पिना घातल्या तर सगळ्या बायका गाणं थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. व्होल्टेज दोनशे तीस. अगदी शहाण्यासारखं. म्हणजे माझी थिअरी पाण्यात.

"चला, माझ्यासमोर चालू करा," मी काकांना म्हटलं.

"थांब गो. आदी त्याचा करूक व्हया."

काकांनी धुतलेला पंचा अंथरला. सेटचं झाकण काढलं. एकेक व्हॉल्व्ह हलक्या हाताने उपटला, मऊ फडक्याने पुसला आणि ताटात आडवा ठेवला. काकी तबक घेऊन आल्या. ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि एकेका व्हॉल्व्हच्या खाली, बरोब्बर पिनांमध्ये, ठसठशीत बोट टेकवत गेल्या. मग नमस्कार केला. काकांनी व्हॉल्व्ह होते तसे सॉकेटमध्ये बसवले आणि बटणाकडे हात नेला.

"काका, हात लावू नका."

मी इतक्या जोरात ओरडले की हळदीचं ताट सांडलं. आणि मग मला हसू आलं. आलं ते थांबेचना. गंज. मी दोनदा स्पिरिटने पुसलेला तो गंज. व्हॉल्व्हच्या पिना पितळेच्या असतात आणि पितळ लाल गंजत नाही, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मला डिस्टिंक्शन होतं.

काकी म्हणाल्या, "हिका काय झाला? पाणी द्या गो कोणतरी."

पाणी पिऊन मी विचारलं, "काकी, कुंकू खाली का लावता?"

"वर काचेर लावलंला पयल्या वर्सा. गरम होवन करपला. करपलेला कुंकू बरा नाय. मगे पायाक लावूक लागलंव."

"आणि आधी कधी बिघडला नाही?"

"दसऱ्याक पूजा केली की त्या दिवशी ह्याका सुट्टी," काका म्हणाले. "हत्यार त्या दिवशी चालवूचा नसता. औंदा लगीन म्हणान परत परत पूजा केली, आणि लगेच ट्रायल."

संपलं. वीस वर्षं दसऱ्याचं कुंकू रात्रीत वाळून जात होतं. या महिन्यात ते ओलंच सॉकेटमध्ये जात होतं. एका पिनेवर ट्रान्सफॉर्मरने चढवलेले चारशे व्होल्ट, शेजारची पिन जाळीची, मधे ओलं कुंकू. चारशे व्होल्ट कुंकवावरून चालत जाळीवर जायचे आणि जाळीचा ताबा सुटायचा. माझ्याकडे आला की मी ते पुसणार, सेट गाणार, आणि घरी गेल्यावर बरा झाला म्हणून त्याची पुन्हा पूजा. आमच्या घरी पूजाअर्चा नाही, त्यामुळे हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. दामलेकाका मात्र दर दसऱ्याला स्क्रू-ड्रायव्हरना फुलं वाहतात. त्यांना काय झालं होतं?

मी हे सगळं सोपं करून सांगितलं. गावडेकाकांचा चेहरा उतरला.

"म्हणजे मीच तेका आजारी पाडलंय?"

"नाही हो काका. तुम्ही जीवच लावलात. फक्त ओला लावलात."

काकी मात्र लगेच कामाला लागल्या. "पायाक नको तर कपाळाक लावया. पण ह्याचा कपाळ खंय, ता सांग."

अरे बापरे. मला हे कुठल्याही परीक्षेत विचारलं नव्हतं. नवरीसकट सगळ्या बायका सेटभोवती जमल्या. एक म्हणाली ट्रान्सफॉर्मर, तो सगळ्यात थोराड. दुसरी म्हणाली माईक लावायची खोबण, ते तर तोंड. शेवटी वैशालीने निकाल दिला, पुढचा लाल दिवा म्हणजे डोळा, त्याच्या वर कपाळ. पत्र्यावर, वायरी-पिनांपासून लांब. मी मान्यता दिली. काकींनी तिथे कुंकू लावलं, वैशालीने उरलेली हळदही लावली.

मी सॉकेट स्पिरिटने धुतले, वाळवले, आणि 'मेलेले' खोक्यातली जोडी लावली. बटण दाबलं. सेट गायला लागला. दोन तास झाले तरी प्लेटा काळ्याच. दुसरी जोडी लावली, तीही ठणठणीत. मी चार धडधाकट व्हॉल्व्हना मृत घोषित केलं होतं. दामलेकाकांची शेवटची जोडी खोक्यातून बाहेरसुद्धा आली नाही.

रविवारी मी लग्नाला गेले. मला वऱ्हाडात नाही, सेटशेजारी खुर्ची दिली होती. मंगलाष्टका खणखणीत वाजल्या. अक्षता उडाल्या तेव्हा मी सेटवर आडवी झाले, कारण गरम व्हॉल्व्हवर तांदूळ नकोत. मग कोणीतरी गावडेकाकांच्या हातात माईक दिला. मुलीचे वडील, चार शब्द बोला म्हणे.

काकांनी सवयीने माईकवर टिचकी मारली. वीस वर्षं ते माईकवर एकच वाक्य बोलत आले होते. त्यांनी वैशालीकडे बघितलं, घसा खाकरला.

"हॅलो. माईक टेस्टिंग. वन, टू, थ्री," ते म्हणाले आणि रडायला लागले.

दोन्ही कर्ण्यांतून ते रडणं स्पष्ट ऐकू गेलं. जराही खरखर नाही, घुंई नाही. वैशाली हसत होती आणि डोळे पुसत होती. मीही तेच करत होते.

सोमवारी मी जॉबकार्ड भरलं. दोष: कुंकू. उपाय: जागा बदलली. दामलेकाकांनी ते वाचलं आणि बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "गंज मीही बघितला होता."

तेव्हापासून ग्राहकाला मी 'काय बिघडलं' हे नंतर विचारते. आधी विचारते, 'ह्याचे लाड कसे करता?'