कडकभाऊंच्या नोटेवरची खूण

लाँड्रीवाल्या कडकभाऊंचं हे नाव त्यांच्या कॉलरमधल्या कांजीवरून पडलं होतं. डाग म्हटला की त्यांचे हात शिवशिवत. शाई असो, गंज असो, भाऊंनी मनावर घेतलं की तो गेलाच. आणि अशा माणसाला छंद कोणता लागावा, तर जुन्या जर्मन बादशाही नोटा जमवायचा, ज्यांत वर्षानुवर्षांच्या मळालाच मान. नोट धुतली की तिची किंमत गेली, असा त्या शौकिनांचा कायदा.

सुरुवात एका कोटाच्या खिशातून झाली. खिशात सापडलेली नोट भाऊंनी प्रामाणिकपणे परत केली, तर गिऱ्हाईक हसून म्हणालं, "ठेवा तुम्हालाच. हिचा आता चहासुद्धा येत नाही." तेव्हापासून भाऊ वेडे झाले. त्या देशाच्या पुढच्या काळातल्या लाखालाखाच्या नोटा रद्दीच्या भावात मिळत, पण त्यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. त्यांना हव्या होत्या बादशाहीच्या अगदी सुरुवातीच्या, शोधून न सापडणाऱ्या.

गावातल्या नोटासंग्राहक मंडळाने मात्र त्यांचा अर्ज दरवर्षी फेटाळला. तोंडावर कोणी बोलत नसे, पण कानावर यायचंच. लाँड्रीवाला तो, आज ना उद्या नोट बुचकळणारच. हे भाऊंना फार लागायचं.

शेवटी नव्या इस्त्रीसाठी ठेवलेले पैसे घालून त्यांनी १८७४ सालची पाच मार्कांची नोट मिळवली. नोट देखणी होती, पण कोपऱ्यात तपकिरी डाग होता. भाऊंनी नुसत्या नजरेने ओळखलं, दूध घातलेली कॉफी. निघाला असता. अगदी सहज निघाला असता. त्यांना जेवण जाईना. कपाटासमोरून जाताना ते हात खिशात घालू लागले. अखेर त्यांनी कपाटाची किल्ली बायकोच्या हातात दिली.

"माझा मलाच भरवसा नाही," ते म्हणाले. "मी पाया पडलो तरी देऊ नकोस."

मंडळाचे भिंगवाले, ज्यांच्या शब्दावर सभासद ठरत, ते स्वतः यायला कबूल झाले. नोट दोन दिवस तपासायला नेणार होते. नोटेच्या अंगाला पाणी लागलेलं नसेल, तर भाऊ मंडळात. भाऊंनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं.

बायकोने कपाट उघडलं आणि नोट मोठ्या अभिमानाने टेबलावर ठेवली. कॉफीचा डाग जागच्या जागी होता. शेजारच्या कोपऱ्यात मात्र काळ्याभोर शाईत एक फुली होती, आणि फुलीखाली दोन टिंबं.

"हे काय आहे?" भिंगवाल्यांनी विचारलं.

"आमच्या घरची खूण. यांच्या सगळ्या शर्टांवर हीच आहे," ती म्हणाली. "नोट बाहेर जाणार ना? खुणेशिवाय आमच्या दुकानातून चिंधीसुद्धा बाहेर जात नाही. तुमच्याकडच्या ढिगात मिसळली, तर ओळखायची कशी?"

"बाई, अशी नोट अख्ख्या गावात एकच आहे."

"प्रत्येक गिऱ्हाईक आपल्या पांढऱ्या शर्टाबद्दल असंच सांगतं."

भिंगवाले भाऊंकडे वळले. "निघेल का हो?"

ती शाई भाऊंनीच घरी उकळून केलेली होती. "निघेल," ते म्हणाले. "कागदासकट."

"मग नोट गेली," भिंगवाल्यांनी भिंग खिशात टाकलं. "आणि तुमचं मंडळही."

भाऊंना भयंकर राग आला. बायकोचे डोळे भरून आले. "हरवली असती तर तुम्ही खचला असता," ती पुटपुटली. "म्हणून मी..." पदराखाली लपवलेल्या तिच्या बोटांना शाई लागलेली होती. ती बोटं बघून भाऊंचा राग कुठल्या कुठे गेला.

"नक्की गेली का नोट?" त्यांनी भिंगवाल्यांना विचारलं.

"नक्की."

"म्हणजे आता तिची काहीच किंमत नाही?"

"काडीचीही नाही."

भाऊंनी बाह्या सरसावल्या. इतक्या वर्षांत त्यांना एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. "अगं, कोमट पाणी आण," ते म्हणाले, "आणि ती डाग काढायची बारकी बाटली."

कॉफीचा डाग निघाला. खूण तशीच राहिली. भाऊंनी नोट दोरीवर चिमटा लावून टांगली आणि तिच्याकडे डोळे भरून पाहिलं. मग त्यांनी उरलेल्या नोटांचा आल्बम उघडला, जुना मळ बघून नाक मुरडलं आणि तो बायकोपुढे सरकवला.

"आधी खुणा घाल," ते म्हणाले. "खुणेशिवाय मी धुवायला घेत नाही."

भिंगवाले खुर्चीत बसले आणि त्यांनी प्यायला पाणी मागितलं. पण दोघंही कामात होती.