अमरनाथअण्णांच्या काचेतला फोटो

लोहाऱ्यात तहसील कचेरीसमोर अमरनाथअण्णांचा फोटो स्टुडिओ आहे. मी एसटीत कंडक्टर होतो. जबाब आणि रजेचे अर्ज सोडले तर आजवर काही लिहिलेलं नाही. तेव्हा यात काही चुकलं, तर ते अण्णांचं नव्हे, माझं समजावं.

अण्णांची पद्धत एकच. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, हनुवटीला दोन बोटं लावून मान मधोमध आणायची आणि म्हणायचं, "हलायचं न्हाय." चाळीस वर्षं हेच. जेवताना समोरच्याची मान कलली तरी त्यांची दोन बोटं उठतात. त्यामुळं त्यांच्या पत्नी भुवनेश्वरीवहिनी जेवायला त्यांच्यासमोर बसतच नाहीत.

स्टुडिओच्या दर्शनी काचेत तीस वर्षांपासून शिवलीलाबाईंचा लग्नातला फोटो होता. बाई आता अंगणवाडी चालवतात आणि रोज तिथूनच जातात. गेल्या दिवाळीत त्या दुकानात आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, मला काढा आता तिथनं. लोक आधी काचेत बघतात, मग माझ्याकडं बघतात आन् हळहळतात."

अण्णांनी फोटो काचेतनं उतरवला. मग रिकाम्या काचेत लावायला त्यांनी कपाट धुंडाळलं. रेशन कार्डाचे, पेन्शनचे, जातीच्या दाखल्याचे, लग्नाचे फोटो निघाले. ते माझ्याकडं आले तेव्हा चेहरा उतरला होता. "शांतलिंगअप्पा," ते म्हणाले, "आख्ख्या जन्मात म्या एकबी फोटो असा काढला न्हाय, जो कुणी मागितला नव्हता. संक्रांतीपर्यंत एक काढतो. न्हाय जमलं तर दुकान बंद."

मोबाइलवर त्यांनी एक व्हिडिओ पाहिला होता. कॅमेरा उघडा ठेवून दोन तास गप बसलं, की तारे सरकत सरकत फोटोत गोल रेषा काढतात. ताऱ्यांना कुठला अर्ज भरायचा नसतो, म्हणून अण्णांना ते पटलं.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळा गाव रानात जेवतो. चंद्रही नसतो. आम्ही माझ्या शेतात कडब्याच्या खोपीजवळ भज्जी-आंबील पोटभर घेतली. माणसं घरी गेल्यावर अण्णांनी तिकाटण्यावर कॅमेरा बसवला. एक ठळक तारा हेरून तो चौकटीच्या बरोबर मधे घेतला. फोटोत जमिनीवरचंही काहीतरी हवं, म्हणून मला खोपीसमोर स्टुलावर बसवलं, माझी हनुवटी सरळ केली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं.

मी हललो नाही. मुंग्या आल्या तरी हललो नाही. शेजारच्या रानात कुणीतरी येळवशीच्या रिवाजाप्रमाणं कडब्याचा टेंभा पेटवून पिकाभोवती फिरवत होतं. तो उजेड मधूनमधून माझ्या तोंडावर येत होता. अण्णा अंधारात कॅमेऱ्यामागं उभे होते. अधूनमधून नुसतं "हं" म्हणायचे.

दोन तासांनी फोटो पाहिला. तारे ज्वारीच्या दाण्यांसारखे जागच्या जागी होते. खोपी मात्र तिरकी पसरत गेली होती आणि मला नऊ डोकी होती.

मी भीतभीत विचारलं, कॅमेऱ्याला हात लागला होता का. अण्णा म्हणाले, "हात कशाला लागंल? तारा मधनं सरकला की तेवढं मधे घेत होतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत गेलो. या वेळी कॅमेरा ध्रुवाकडं होता आणि मी फोटोत नव्हतो. माझं काम एकच, अण्णांचे दोन्ही हात धरून बसायचं. दोन म्हातारे खोपीसमोर हातात हात घालून बसले होते. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला. ड्रायव्हरनं वेग कमी करून आमच्याकडं पाहिलं आणि काही न विचारता निघून गेला. एखादा तारा थोडा सरकला की अण्णांची दोन बोटं माझ्या मुठीत उडायची.

"जाऊ द्या त्याला," मी म्हणायचो.

"अप्पा, पार कडंला गेलाय हो."

"जाऊ द्या."

हा फोटो साधला. आभाळभर गोल रेषा, ताटलीवर ताटली ठेवावी तशा. मला तर लई आवडला. अण्णांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि मधल्या ध्रुवावर बोट ठेवलं. "एवढं एकच गिऱ्हाईक नीट बसलंय," ते म्हणाले.

बाकीचा फोटो त्यांनी मला देऊन टाकला. ध्रुव तेवढा कापून घेतला, मागं निळा रंग भरला आणि पासपोर्ट साइजच्या आठ प्रती एका कागदावर छापल्या. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तो कागद काचेत लागला.

परवा गंगम्मा पेन्शनच्या फोटोसाठी आल्या होत्या. काचेतले आठ ठिपके त्यांनी वाकून पाहिले आणि विचारलं, हे कुणाचं आन् कुठल्या कागदाला लागतंय.

"कुठल्याच न्हाय," अण्णा म्हणाले. एवढ्या ऐटीत बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गंगम्मांनी नीट दिसावं म्हणून मान वाकडी केली. अण्णांची दोन बोटं लगेच वर आली.