फटफटीची खांदमळणी

लहान गाडी सोडून मोठी गाडी केव्हा घ्यावी, हा निर्णय माणसाने पूर्ण विचारांती, स्वतःची पात्रता ओळखून आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता घ्यावा. माझ्या बाबतीत तो पेट्रोल संपल्यामुळे झाला.

सन पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी अनसिंगच्या शाळेत मराठी शिकवत होतो आणि दोन कोसांवरच्या आमच्या गावाहून रोज जा-ये करत होतो. त्यासाठी माझ्याकडे एक लहान फटफटी होती. तिला पायडल होते, यावरून कारखान्यालाही तिच्या इंजिनाबद्दल फारशी खात्री नसावी. तिच्या आवाजावरून गावाने तिचं नाव ‘बकरी’ ठेवलं होतं. वाटेतल्या चढावर माझी बायको निमूटपणे खाली उतरायची, पायी वर जायची, आणि मी पायडल मारत पोचेपर्यंत तिचं ओळखीच्या बाईशी बोलून व्हायचं. एकदा तर मागून एक बंडी आली, बाजूने पुढे गेली, आणि गाडीवानाने वळून विचारलं, “गुरुजी, टाकता का मांगं? जागा हाय!”

त्या दिवशी मी घरी येऊन जाहीर केलं की आता मोठी गाडी घ्यायची.

बाबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. वर पाहिलं नाही.

“कायले?”

“वेळ वाचेल, बाबा.”

“वाचवून काय करशीन?”

मी म्हणालो, “बकरीवर आता हात बसला माझा.”

“हात बसला का नाही, थे मी ठरवीन,” बाबा म्हणाले. “गोऱ्ह्याले आदी हलक्या डवऱ्याले जुपतात. हाकेवर थांबला, त मंग बंडी. ज्याले थांबता येत नाही त्याच्या अंगी जोर देऊ नये, मधुकर. मंग थो बैल असो का मास्तर.”

एवढं शहाणपणाचं वाक्य मी बी.एड.लाही ऐकलं नव्हतं. अडचण एवढीच होती की बाबांनी ते लगेच अमलात आणलं. परीक्षा अशी ठरली : मी मारुतीच्या पारापासून गाडी आणायची, बाबा दारात उभे राहून “हो!” म्हणतील, आणि म्हणताक्षणी गाडी थांबली पाहिजे.

पहिल्या दिवशी मी दोन घरं पुढे जाऊन थांबलो. (नापास.) दुसऱ्या दिवशी माय मागे बसली होती. बाबांनी “हो!” म्हटलं, मी ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली, मायच्या मांडीवरची वांग्यांची टोपली मात्र थांबली नाही. माय म्हणाली, “माह्यावर कायले परीक्षा करून राह्यले? घरात पाटा-वरवंटा नाही का?” (नापास.) तिसऱ्या दिवशी मी पारापासून निघालो, बाबांनी तोंड उघडलं, “हो!” म्हणाले, आणि त्याच क्षणी बकरीतलं पेट्रोल संपलं. ती बाबांच्या पायाच्या अंगठ्यापाशी येऊन, मान टाकल्यासारखी, गप्प झाली.

बाबांनी सुपारी थुंकली. “पाह्य! आता आला हाकेवर.”

शिक्षकाने खोटं बोलू नये, हे मला माहीत होतं. गप्प बसण्याबद्दल कुठे काही लिहिलेलं नव्हतं.

मोठी फटफटी शिरपूर जैनच्या एका कापड दुकानदाराकडे विकायला होती. शेठजी धार्मिक माणूस. गाडीचा दोष लपवणं त्यांना पटेना.

“गुरुजी, गाडी एकदम मजबूत आहे. फक्त माझ्या धंद्याला तिचा वेग मानवत नाही. मी गिऱ्हाइकाच्या दारात थांबायला जातो अन् पुढच्या गावात पोचतो.”

मी हसलो आणि गाडी घेतली. त्यांच्या बोलण्यात विनोद आहे, असा माझा समज झाला होता.

बाबा एवढ्या लवकर कसे राजी झाले, याचं कोडं मला होतं. ते मायने उलगडलं. दोन वर्षांपूर्वी बाबांचे गुडघे गेले, तेव्हा शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर, दिलं आणि बैलजोडी विकली. त्याचं दुःख बाबांनी कोणाला दाखवलं नाही. पण आमच्या गावच्या पोळ्यात तोरणाखालच्या रांगेत आमच्या जोडीचा तिसरा नंबर होता. पहिला पाटलांचा, दुसरा त्यांच्या चुलतभावाचा, तिसरा आमचा. आजोबांच्या आधीपासूनचा. दोन पोळे बाबा त्या तिसऱ्या जागेवर नुसतेच काठी घेऊन उभे राहिले होते. या वर्षी पाटलांनी निरोप पाठवला की, जागा तिसऱ्यांदा रिकामी राहिली तर चौथ्या नंबरच्या उकंडाजीला पुढे सरकवावं लागेल.

“बैल मागून आणा एखाद्याचे,” मी बाबांना म्हणालो.

“पोळ्याच्या दिवशी कोण देईन आपली जोडी?” बाबा म्हणाले. “अन् दुसऱ्याच्या बैलाले मी आपला म्हून कसा मिरवू? घरचं जनावर पायजे.” मग अंगणात पाहिलं. “हे आता घरचंच हाय ना?”

मी त्यांच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. अंगणात माझी मोटारसायकल उभी होती.

“बाबा, ती गाडी आहे!”

“बकरी थोडीच हाय? बकरी नेली असती त लोक हासले असते.”

तेव्हा मला समजलं, वेग हवा होता मला. बाबांना हवा होता तो फक्त आकार.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी. बैलाच्या खांद्यावर वर्षभर जू असतं, म्हणून त्या दिवशी तिथे हळद आणि तूप चोळतात, आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. बाबांनी वाटीत तूप-हळद कालवली, पळसाचं पान घेतलं, आणि मोटारसायकलीसमोर विचारात पडले.

“इचा खांदा कोनता?”

मायला वाटलं, सीट. माझ्या बायकोला वाटलं, पेट्रोलची टाकी. बाबांनी मला विचारलं, “चालवतानी तुहा जोर कुठं येते?”

“मुठींवर,” मी म्हणालो. पेट्रोलच्या वेळी गप्प बसून मी माझा अर्धा घात केला होता; उरलेला असा खरं बोलून केला.

“मंग थोच खांदा.” आणि बाबांनी दोन्ही मुठींवर, क्लचच्या दांडीवर, पुढच्या ब्रेकच्या दांडीवर अर्धी वाटी तूप मायेने चोळलं.

“बाबा, हात निसटेल माझा!”

“चाळीस वर्षं खांदे मळले म्या. एका बैलाचा खांदा निसटला नाही.” मग वाकून हेडलाइटला म्हणाले, “आज आवतन घे, उद्या जेवाले ये.”

गाडी काही बोलली नाही. मायच म्हणाली, “येतो म्हन्ते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सजावट. हेडलाइटला बाशिंग, आरशांना शिंगांसारखा बेगड, मधोमध घुंगरमाळ. विकलेल्या जोडीची झूल मायने पेटीत जपून ठेवली होती. ती सीटवरून दोन्ही बाजूंनी पार पायांपर्यंत सोडली. प्रश्न फक्त कासऱ्याचा होता. कासऱ्याशिवाय जनावर पोळ्यात नेत नाहीत, आणि मोटारसायकलीला नाक नाही. बाबांनी नवा कासरा उजव्या मुठीला वरून दोन घट्ट वेढे देऊन बांधला आणि दुसरं टोक हातात घेतलं. (ज्यांनी मोटारसायकल चालवली आहे, त्यांनी इथे क्षणभर थांबून उजव्या मुठीचं काम काय असतं ते आठवावं. मी ते त्या दिवशी आठवायला हवं होतं.)

पोळ्याच्या दिवशी जनावराला कामाला लावायचं नाही, म्हणून मला गाडीवर बसू दिलं नाही. ढकलत नेली. बाबा धुतलेलं धोतर नेसून, गुडघे विसरून, पुढे कासरा धरून चालत होते. तिसऱ्या जागेवर जाऊन उभे राहिले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांची पाठ ताठ दिसली.

मागून उकंडाजी आपल्या जोडीसह आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

“काहून हो बुवा, बैल मुका हाय का?”

“मुका कायले असन?” बाबा म्हणाले. “मधुकर, हंबरू दे त्याले.”

मी बसलो. किक मारली. गाडी अशी हंबरली की पुढच्या दोन्ही जोड्यांनी कान टवकारले.

“हंबरते खरं,” उकंडाजी म्हणाला, “पर चालते का? का ढकलूनच आणली?”

“मधुकर,” बाबा म्हणाले, “दोन पावलं चालव.”

आता हे दोन पावलांचं काम नाजूक असतं. क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, आणि क्लच हळूहळू सोडायचा. मी दाबला, टाकला, आणि हळूहळू सोडायच्या विचारात असताना तुपाने माझे ते श्रम वाचवले. दांडी हातातून सटकली. गाडीने उडी मारली आणि बाबांना मागे टाकलं.

“हो!” बाबा ओरडले. “हो! हो!” आणि चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी कासरा मागे ओढला.

कासरा ओढल्याबरोबर मूठ फिरली. मूठ फिरल्याबरोबर गाडी दुप्पट धावली. गाडी धावते म्हणून बाबांनी आणखी ओढला. तो जेवढा थांबवायला ओढत होता तेवढी ती पळत होती, आणि ती जेवढी पळत होती तेवढा तो ओढत होता! (घाईत मी बापाचा उल्लेख एकेरीत केला आहे. त्या वेळी याहून वाईट केला होता.)

“बाबा, सोडा!”

“सोडू कसा? पळून जाईन!”

“सोडा म्हणतो ना!”

मी पायाखाली ब्रेक शोधला. झूल सापडली. पुन्हा शोधला. पुन्हा झूलच. पुढच्या ब्रेकच्या दांडीवर बोटं घातली, ती तुपावरून सुळकन बाहेर आली. पाटलांच्या चुलतभावाची जोडी डावीकडे सरली. पाटलांची मानाची जोडी, जिच्याआधी त्या तोरणाखालून आजवर कुत्रंही गेलं नव्हतं, ती दुभंगली, आणि मधून मी घुंगुर वाजवत गेलो. तोरण तुटून माझ्या गळ्यात आलं. मागे बाबा कासऱ्याला धरून धावत होते. वैद्याने ज्यांना ओसरीची पायरी उतरायची मनाई केली होती, ते!

शेवटी त्यांचा दम संपला आणि कासरा सुटला. सुटल्याबरोबर मूठ जागेवर आली, इंजिन मवाळ झालं, आणि आम्ही दोघं पाटलांच्या कडब्याच्या गंजीत शिरून थांबलो.

पोळ्यात झडत्या, म्हणजे एकमेकांना टोमणे मारणारी कवनं, म्हणतात. त्यासाठी उकंडाजीचा गळा पंचक्रोशीत नावाजलेला. त्याने ही संधी सोडली नाही :

“तूप खाल्लं फटफटीनं, गुरुजी झाले गार,
बाप म्हने हो हो, पोरगं तोरणापार,
पाटलाचा मान गेला कडब्यात,
हर बोला, हर हर महादेव!”

गाव हसलं. पाटील हसले नाहीत. ते गंजीपाशी आले. बाबाही धापा टाकत पोचले, आणि काही बोलायच्या आत त्यांनी पाटलांसमोर पागोटं काढून हातात घेतलं. ते पाहून मला कडब्यातून बाहेर यायचीच इच्छा राहिली नाही.

“चुकी झाली, पाटील. जनावर नवं हाय.”

पाटलांनी गाडीवरचा कडबा बाजूला केला. मग म्हणाले, “पागोटं घाला डोक्यावर, बुवा. माह्या बापाचा बैलबी एका वर्षी उधळला होता. तोरण दुसरं बांधा. पुन्हा उभे राहा सारे, आपापल्या नंबरावर.”

बाबांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. तेवढ्यात उकंडाजी पुढे झाला. झडतीवर समाधान मानणारा तो माणूस नव्हता.

“पाटील, एक सांगा. पोळ्यात जोडी लागते. एकट्या बैलाले तोरणाखाली कोनी उभं केलं का आजवर?”

मुद्दा बिनतोड होता. लोक बाबांकडे पाहायला लागले. बाबांनी गाडीकडे पाहिलं. मग त्यांची नजर सावकाश माझ्यावर आली. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीने माखले होते. गळ्यात आंब्याच्या पानांचं तोरण होतं. झूल गाडीवरून निघून माझ्या पाठीवर आली होती. तोंडात कडबा होता.

“जोडी हाय ना,” बाबा म्हणाले.

पाटलांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं. “गुरुजी, तुमची काही हरकत?”

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी कासऱ्याचं टोक पुन्हा उचललं होतं.

“नाही,” मी म्हणालो.

दुसरं तोरण बांधलं. पाटलांची जोडी गेली, चुलतभावाची गेली, आणि मग इंजिन बंद केलेली गाडी माझ्या डाव्या हाताला घेऊन, बाबांच्या हाकेवर, आम्ही गेलो. उकंडाजी चौथा आला. संध्याकाळी घरोघरी ओवाळायला नेलं, तेव्हा बायकांनी रीतीप्रमाणे चाकावर पाणी घातलं, माझ्या पायांवर घातलं, दोघांना कुंकू लावलं आणि पुरणपोळी आधी मला भरवली, कारण गाडीला तोंड सापडेना.

त्या वर्षी आमच्या गावच्या पोळ्यात बावीस जोड्या उभ्या होत्या. त्यातला एक बैल अनसिंगच्या शाळेत आठवीला व्याकरण शिकवत असे.