आईनं धरलेलं बाळसं

आईचे सांधे इतके सुजायचे की तिला कणीकसुद्धा मळता येईना. वडील सातपूरच्या कारखान्यात पाळीला, मी बी.एस्सी.ला, पोळ्या माझ्या गळ्यात पडल्या. मग सटाण्याला दिलेल्या मावशीनं तिकडच्या एका वैद्याच्या पांढऱ्या पुड्या आणल्या. "लई गुण शे तिले," ती म्हणाली.

गुण आलाच! आई पुन्हा पोळपाटाशी बसली. दिवाळीपर्यंत गाल भरले, चेहरा गोल झाला. शेजारणी म्हणायच्या, "या वयात बाळसं धरलंस की गं!" आई लाजायची. वडिलांनी हौसेनं तिचा फोटो काढून घेतला. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. विळीनं कापलेलं तिचं बोट चिघळलं होतं, पण ना लाली, ना सूज, ना ठणका.

मी कॉलेजात सरांना पुड्या, भरलेले गाल, बोट, सगळं सांगितलं. त्यांनी फळ्यावर भक्षक पेशी काढली. ती जंतू गिळते आणि रसायनं सोडून बाकीच्या पेशींना हाका मारते. त्या हाकांनी पेशींमधली ठरावीक जनुकं जागी होतात, म्हणून सूज येते, ताप चढतो. स्टेरॉइड पेशीच्या केंद्रकात शिरून नेमकी तीच जनुकं गप्प बसवतं.

"पुडीत तेच असणार, गालही त्यानंच भरतात," सर म्हणाले. "दुखणं थांबतं, जंतू थांबत नाही. आईला पूर्वी क्षय झाला होता का?"

झाला होता, माझ्या जन्माआधी. "त्याचे जंतू अंगात वर्षानुवर्षं झोपून राहतात," सर म्हणाले.

घरी येऊन मी ओरडलेच, "दवाखान्यात चल, आत्ताच्या आत्ता!" आई म्हणाली, "ताप नाही, काही नाही. कशाला अभद्र बोलतेस?" महिनाभर ती हललीच नाही. शेवटी धाप लागली तेव्हा नेलं. एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसं क्षयानं पोखरलेली. "पुड्याही एकदम तोडू नका, शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडलंय, जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले. वडील एकच विचारत राहिले, ताप कसा आला नाही?

संक्रांतीआधी आई गेली.

तेराव्याला मावशी त्या फोटोकडे बघून रडली. "कशी गोजिरी दिसे माझी बहीण!" मग डोळे पुसून तिनं कनवटीची पुडी काढली आणि माझ्याकडे पाणी मागितलं. मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. गाल तस्सेच भरलेले.

पुडी हिसकावून फेकावीशी वाटली. पण डॉक्टरांचे शब्द आठवले. माझ्याच हातानं मी तिला पाणी दिलं आणि म्हणाले, "मावशी, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

"कसाले?" ती म्हणाली. "माले कोठे ताप शे?"