पानावरचा आडवा हात

पंगतीतला आग्रह तोंडाने होतो खरा, पण तो कुणाला करायचा हे डोळ्यांनीच ठरतं. शब्द नुसते शोभेला. काल चुलतभावाच्या नातवाच्या मुंजीत हे नीट पाहिलं. वाढपी जिलबीचं ताट घेऊन पुढे, भाऊ त्याच्या मागे. भावाने मान हलवली की वाढपी थांबायचा. माझ्या शेजारी भावाच्या मुलाचे साहेब बसले होते.

"साहेब, दोन तरी घ्याच," भाऊ वाकून म्हणाला. साहेबांनी पानावर हात आडवा धरला, हसले, आणि जिलब्या पडल्याच.

मी नोकरीत होतो तेव्हा हा माझ्याही पानाशी असाच वाकायचा. त्या सवयीने मीही हात आधीच आडवा धरून ठेवला होता. भावाची नजर माझ्यावरून पुढे सरकली. वाढप्याला तेवढं पुरलं.

कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि मी नको म्हणत बसलो होतो.

मागून भात वाढणारा आला. त्याला मात्र माझा हात लगेच कळला. तोही पुढे गेला.