झाशीतले पाच महार

झाशी शहरात आम्ही महार एकूण पाच होतो. दादा, आई, माझे दोन भाऊ आणि मी. जवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीत आमचे पुष्कळ लोक असत, पण ते पलटणीबरोबर येत आणि पलटणीबरोबर जात, म्हणून दादा त्यांना मोजत नसत. दादांची स्वतःची पलटणसुद्धा बबीन्याहून पंजाबात गेली, पण तोवर त्यांना पेन्शन लागलं होतं आणि झाशीला रेल्वेच्या कारखान्यात पहारेकऱ्यांवरचा जमादार म्हणून नोकरीही मिळाली होती. आईला साताऱ्याकडे गावी परतायचं होतं. दादा म्हणाले, "गावात मला अजून अर्ध्या नावानं हाका मारतात. इथं निदान साहेब म्हणतील."

साहेब कुणी म्हणालं नाही. पंडितजी म्हणू लागले.

त्याची सुरुवात घर बघायला गेलो तेव्हाच झाली. दतिया गेटजवळ एका धान्यवाल्याच्या माडीवर दोन खोल्या रिकाम्या होत्या. मालकानं गल्ल्यावरून मान वर करून विचारलं, "कौन लोग हो?" दादांचा एक नियम होता. जात लपवायची नाही. कुणी विचारलं की ताठ उभं राहून सांगायची. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "महार."

मालक गादीवरून उठला. "आइए महाराज, बैठिए."

"महाराज नहीं. महार."

"हाँ हाँ, वही," मालक म्हणाला आणि किल्ली काढायला आत गेला.

त्या माणसाचाही दोष नव्हता. त्या मुलखात महार ही जातच नाही. आणि झाशीत जो मराठी बोलतो तो दखनी पंडित, हे पेशवाईपासून ठरून गेलेलं. दादांचा दुसरा नियम असा की जात सांगायची, पण अस्पृश्य, अछूत हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. "ते त्यांनी ठेवलेलं नाव आहे, आपलं न्हवं," असं ते म्हणत. हरिजन या शब्दाचा तर त्यांना संतापच येई. या दोन नियमांच्या कात्रीत आम्ही सापडलो. सांगत तर होतो, पण कळत कुणालाच नव्हतं.

गल्लीतल्या बायका दादांना वाकून नमस्कार करू लागल्या. एकजण मुलीच्या बिदाईचा मुहूर्त विचारायला आली. दादांनी तिला तीन वेळा सांगितलं की आपण पंडित नाही. ती म्हणाली, "बड़े पंडित ऐसा ही कहते हैं." शेवटी वैतागून दादा म्हणाले, "सकाळी सहा. तेव्हा ऊन नसतं आणि मोटार वेळेवर सुटते." मुलगी सहाला गेली, मोटार खरोखर वेळेवर सुटली, आणि पुढच्या आठवड्यात आणखी दोघीजणी आल्या.

झाशीत आम्ही कोण आहोत हे एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं. ते म्हणजे समोरच्या घरातले पोस्टातले काका. त्यांचं ब्राह्मण कुटुंब मराठी अमलात कारकुनीला म्हणून आलेलं आणि इथंच राहिलेलं. पहिल्याच दिवशी आमचं मराठी ऐकून ते धावत आले. "कुठले म्हणालात? साताऱ्याकडचे? वा. आम्ही पण तिकडचेच. फक्त दोनशे वर्षं झाली." मग दादांनी आपली जात सांगितली. काका म्हणाले, "अच्छा अच्छा. पत्ते खेळता का?" बेझिक या पत्त्यांच्या खेळाला त्यांना जोडीदार मिळत नव्हता. त्यांच्या मुलांना मराठी कळे, पण पत्ते खेळताना मराठीत भांडता येत नसे. दादांना येई. तेव्हा काकांनी तो विषय पत्त्यांखाली ठेवून दिला तो दिलाच.

आईला हे सगळं बरंच वाटत होतं. ती म्हणे, "जलमात पयल्यांदा कुणी पाया पडतंय. पडू द्या की." पण दादांना आपली माणसं हवी होती. एप्रिलमधली जयंती जवळ आली तसे ते अस्वस्थ झाले. पलटणीत जयंतीला खेळ, जेवण, भाषण सगळं असे. इथं पाच माणसांची मिरवणूक काढणार कशी? मग त्यांना कळलं की तटाबाहेर अहिरवारांची, म्हणजे आपल्यासारख्याच वेशीबाहेर ठेवलेल्या लोकांची, मोठी वस्ती आहे आणि तिथं निळे झेंडे लागतात. एका रविवारी इस्त्रीचा कोट आणि छातीवर पदकं लावून ते निघाले. मला बरोबर घेतलं, कारण त्यांची हिंदी परेडच्या मैदानावर तयार झालेली होती आणि मी शाळेतल्या मुलींकडून बुंदेली शिकले होते.

वस्तीचे मुखिया असलेल्या चौधरींनी आम्हाला बघितलं आणि धावपळ उडाली. कुठूनतरी खुर्ची आली, तिच्यावर धुतलेली चादर आली. बाकी सगळे जमिनीवर बसले. दादा म्हणाले, "मी पण खाली बसतो." चौधरी म्हणाले, "नहीं पंडितजी, पाप लगेगा." आमची कीर्ती आमच्याआधी पोचली होती. दादांना तहान लागली. त्यांनी पाणी मागितलं तर सगळे एकमेकांकडे बघू लागले, आणि एकाला पळत बाजारात पाठवून गोळीची सोडा बाटली आणवली. पंडिताला आपल्या घरचं पाणी कसं द्यायचं?

दादांनी सांगितलं की आम्ही तुमच्यातलेच. मी ते बुंदेलीत सांगितलं. चौधरींनी हात जोडले आणि म्हणाले, एवढा मोठा माणूस असं बोलतो हे त्याचं मोठेपण. निघताना त्यांनी एका पिशवीत कणीक, डाळ, बटाटे आणि तुपाची वाटी घालून दिली. शिजवलेलं पंडित खात नाहीत, म्हणून कोरडा शिधा.

घरी आल्यावर पिशवी आईसमोर ठेवून दादा खाटेवर बसले. "माझा आज्जा गावात दारोदार शिळी भाकर मागत हिंडला," ते म्हणाले, "आणि मला शिधा दिला. तोसुद्धा कुणी, तर आपल्याच माणसांनी."

आईनं तुपाचा वास घेतला. "तूप चांगलं हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दादा काकांकडे गेले. "तुम्ही चला आणि सांगा त्यांना मी कोण ते. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतील." काका त्या वस्तीत आयुष्यात गेले नव्हते. पण नाही म्हटलं तर पत्ते बंद होतील, हे त्यांना दिसत होतं. ते डोक्यावर टोपी घालून आले आणि वस्तीच्या मधोमध उभे राहिले. चौधरींनी विचारलं, "पंडितजी, ये महार कौन होते हैं?"

काकांना खरं सांगायचं होतं, पण दादांच्या तोंडावर अछूत हा शब्द उच्चारायचा त्यांना धीर होईना. ते घाम पुसत म्हणाले, "बहुत अच्छे लोग होते हैं. गाँव की रक्षा करते हैं. सीमा पर झगड़ा हो तो इन्हीं की बात मानी जाती है. फ़ौज में बड़े बहादुर."

यातलं काही खोटं नव्हतं. गावची वेस आमचेच लोक राखत आणि शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष चाले. पण ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "तो ठाकुर हुए," चौधरी म्हणाले, आणि दादांची खुर्ची आणखी थोडी मागे, सावलीत सरकवण्यात आली. ठाकुराला पंडितापेक्षा जास्त भ्यायचं असतं.

काका परत येताना म्हणाले, "मी माझ्याकडून खूप कोशिश केली."

"दिसली मला," दादा म्हणाले.

मग आई म्हणाली, "मी जाते." ती शिध्याची पिशवी परत द्यायला म्हणून गेली. मी होतेच दुभाषी. आई चौकात गेलीच नाही. पाठीमागच्या अंगणात बायका शेण्या थापत होत्या, तिथं जाऊन तिनं पदर खोचला आणि शेणात हात घातला. बायका थिजल्या. चौधरींची आई, वस्तीची म्हातारी दाई, खाटेवरून बघत होती. आईनं शेणी थापता थापता बोलायला सुरुवात केली. हिंदी तिला येत नव्हती, म्हणून ती मराठीतच बोलली. पाटलाचा निरोप घेऊन उन्हात गावोगाव पळायचं. कुणी मेलं की सांगावा न्यायचा. सणाला टोपली घेऊन दारोदार फिरायचं आणि लांबून टाकलेलं झेलायचं. मी मागून बुंदेली जोडत होते, पण माझं चुकत होतं, कारण यातलं बरंचसं मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

"आन् गावात ढोर मेलं," आई म्हणाली, "की ते वढायला आमीच."

ढोर हा शब्द बुंदेलीतही ढोरच आहे. मी तोंड उघडायच्या आत म्हातारी खाटेवरून उठून बसली. तिनं आईला हातानं ओढायची खूण करून दाखवली, दोरी खांद्यावरून, असं. आईनं मान हलवली.

"हमाए इतै भी जेई हतो," म्हातारी म्हणाली. आमच्याकडेही हेच होतं. मग तिनं आपलं सांगायला घेतलं. ठाकुराच्या शेतावर फुकट राबणं, रात्री-अपरात्री त्याच्या सुनांची बाळंतपणं करणं आणि पहाटे त्याच अंगणातून मागच्या दारानं हाकललं जाणं. आईला शब्द कळत नव्हते, पण ती बरोबर त्या त्या जागी हुंकार देत होती. मला कुणी विचारेना.

शेवटी म्हातारीनं सुनेला हाक मारली आणि पाणी आणायला सांगितलं. सून दचकली. म्हातारी म्हणाली, "ला री. अपनेइ आएँ." आपलेच आहेत. आईनं ते पितळी लोटाभर पाणी उभ्यानं संपवलं आणि आणखी मागितलं. संध्याकाळी दादांना निरोप आला, जेवायला या. ते इतके जेवले की दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाहीत.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी पहिल्याच बैठकीत प्रश्न काढला की महार आणि अहिरवार यांत वरचे कोण. यावर पूर्ण उन्हाळा वाद चालला. दादा म्हणत, वर-खाली नाहीच, तेच तर मोडायचंय. ते सगळ्यांना पटलं, आणि मग पुन्हा, "पर फिर भी," असं म्हणून वाद सुरू होई.

इकडे धान्यवाल्याच्या कानावर बातमी गेली. त्यानं आरडाओरडा केला नाही. त्याचे कोणी नातेवाईक मोठ गावाहून राहायला येणार आहेत, एवढंच म्हणाला. ते नातेवाईक आम्ही सोडल्यावरही कधी आले नाहीत. दादांनी सामान बांधलं आणि आम्ही वस्तीच्या कडेला एक घर घेतलं. काका तिकडेही पत्ते खेळायला यायचे. चहा प्यायचे, कांदाभजी खायचे आणि निघताना आईला दर वेळी सांगायचे, "वहिनी, आमच्या घरी म्हणू नका हं." आईनं कधी म्हटलं नाही. पण भजीचा वास त्यांच्या कपड्यांना येतच असणार.

पुढच्या वर्षी जयंतीची मिरवणूक दादांकडे सोपवली गेली. त्यांनी महिनाभर आधी जवान पोरांना मैदानात उभं केलं आणि पाऊल मिळवायला शिकवलं. ढोलवाल्यांनाही ताल बदलायला लावला. एरवी ही मिरवणूक सकाळी निघे, नाचत, थांबत, सरबत पीत, आणि ऊन उतरल्यावर परत येई. त्या वर्षी दादांनी हुकूम दिला आणि अख्खी मिरवणूक दमदार पावलांनी निघाली. रस्त्यात सरबत घेऊन उभे असलेले लोक पेले पुढे करेपर्यंत ती पुढच्या वळणावर पोचलेली असे. झेंडे सरळ, रांगा सरळ, कुणी इकडेतिकडे बघायचं नाही. सगळं शहर फिरून दोन तासांत आम्ही मांडवात परत.

मांडवात कुणीच नव्हतं. पाहुणे संध्याकाळी यायचे होते. पुऱ्यांची कणीक मळायची होती आणि बटाट्यांची पोती शिवलेलीच होती. चौधरींनी दादांकडे बघितलं. दादांनी घड्याळाकडे बघितलं, घसा साफ केला आणि त्याच आवाजात पुढचा हुकूम सोडला. सगळी मिरवणूक रांगेनं खाली बसली आणि बटाटे सोलायला लागली.